ड्रायव्हर आत्या

रहिमतपूरच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत आमची अँब्युलन्स अडकलेली असताना एक मुलगा जन्माला आला आणि त्याचं नाव 'रिव्हर्स' ठेवलं गेलं. पोर पायाळू होतं. पुढे रस्ता बंद, वळवायला जागा नाही, म्हणून आमच्या ड्रायव्हरमामांनी गाडी तशीच उलटी फाट्यापर्यंत मागे नेली आणि आतल्या रस्त्याला लावली. त्या उलट्या जाणाऱ्या गाडीत बाळाचे पाय आधी बाहेर आले. सगळं नीट पार पडल्यावर मी घाम पुसत मधल्या काचेवर टकटक केली. मामांनी आरशातून पाहिलं आणि पायाकडनं आलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "मग रिव्हर्सच," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत. बाराव्या दिवशी ते खरोखर झबलं घेऊन त्या घरी गेले.

त्या रिव्हर्सला गावात आता रिव्या म्हणतात. तो कबड्डी खेळतो. चढाईला जाऊन पाठ न वळवता मागे यावं तर त्यानेच, असं सांगतात. यात नावाचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही. मामांना वाटतो.

मामा म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राचे ड्रायव्हर. मी नर्स म्हणून पहिल्यांदा खटावकडच्या त्या केंद्रावर रुजू झाले तेव्हा ते तिथे आधीपासून होते. फौजेत ट्रक चालवून परत आलेले, उंच, मिशी पांढरी झालेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारलेली चालत नसे. हजेरीला डॉक्टरांनी नाव घेतलं तरी 'ड्रायव्हर हजर' एवढंच म्हणत. म्हणून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मीही इथे तेच म्हणते.

गाडीला ते मॅडम म्हणत. 'मॅडमला आज खोकला हाय' म्हणजे गाडी सुरू व्हायला वेळ लागणार. डॅशबोर्डवर देवाचा फोटो नव्हता. तिथे एक धुतलेला पांढरा रुमाल चौकोनी घडी करून ठेवलेला असे. तो कशासाठी, तर गाडीत बाळ झालंच तर पुसायला. माझ्याकडे निर्जंतुक कापडं असतात हे मी त्यांना कितीदा सांगितलं. 'तुमचं तुमच्यापाशी, ह्यो माजा,' म्हणायचे. शेवटी मी तो रुमाल बाळाच्या पायांभोवती गुंडाळायला लागले, म्हणजे त्यांचंही समाधान आणि माझंही. कळा देणारी बाई आत असली की ते बोलत नसत. रस्त्यावरचे खड्डे त्यांना पाठ होते. खड्डा यायच्या जरा आधी मागे न बघता 'शिष्टर, धरा' एवढंच म्हणत, आणि मी बाईला धरत असे.

बाळ सुखरूप झालं की घरचे लोक काहीतरी द्यायला बघत. साडी, कोंबडी, निदान चहा. मामा काही घ्यायचे नाहीत. त्यांचं मागणं एकच असे, की गाडीत जन्मलेल्या पोराचं नाव त्यांनी ठेवायचं. आणि ते इंग्रजीच असणार. मराठी नाव ठेवा म्हटलं की सांगत, ती सगळी वापरून झाली.

आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मामा नाव घेऊन जात आणि बाळाच्या कानाला स्वतःच लागत. पहिल्यांदा बायकांना कळेना हसावं की रागवावं. तेव्हा मामांनी आपण होऊन पाठ वाकवली आणि 'घाला' म्हणाले. घातले. तेव्हापासून एसटी थांब्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांना पाठीमागे 'ड्रायव्हर आत्या' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "म्हणू द्या की. आत्याचं काम हाय, आत्याच म्हणणार."

माझं माहेर सांगलीचं. आमच्या घरी नाव ठेवायचं म्हणजे आधी जन्माक्षर, मग थोरल्यांचे आग्रह, आणि आता मोबाइलवर शोधून काढलेली संस्कृत नावं. माझ्या भाचीच्या नावावरून घरात दोन तट पडले होते आणि काही दिवस जेवणं अबोल्यात झाली. मामांना गाडी धुवायला लागे तेवढा वेळ पुरायचा. पाण्याचा पाइप बंद झाला की नाव ठरलेलं असे.

रिव्हर्सनंतर सिग्नल आला, बायपास आला. बायपासला घरचे बाप्या म्हणतात. जुळी झाली तेव्हा आधी आलेला क्लच आणि मागून आलेला गिअर, कारण एक दाबल्याशिवाय दुसरा पडत नाही. शाळेत घालताना काही आईबापांनी गुपचूप दुसरी नावं घातली. पण हाक तीच राहिली, कारण मामा त्या वस्त्यांवरून गाडी घेऊन जाताना खिडकीतून त्याच नावाने हाक मारत आणि पोरं 'मामा, मामा' करत मागे धावत.

एकदा पुण्याला कंपनीत असलेलं एक जोडपं होतं. बाई बाळंतपणाला माहेरी आलेली आणि बाळंत झाली आमच्या गाडीत. मामांनी नाव सांगितलं, 'एक्सल'. नवरा खूश झाला. किती छान आणि वेगळं नाव आहे म्हणाला, सगळ्यांच्या पुढे जाणारा असा अर्थ होतो, असं त्याने बायकोला समजावून सांगितलं. मामा मध्येच म्हणाले, तसलं काही न्हाई, गाडीच्या खाली असतोय त्यो, दोन्ही चाकं धरून ठिवतोय. पण त्यांनी तेच नाव ठेवलं. लिहिताना कुठल्या अर्थाचं लिहिलं ते मला माहीत नाही.

मुलींची नावं मात्र वेगळी असत, हे माझ्या जरा उशिराच ध्यानात आलं. सॅल्यूट, मेडल, कॅप्टन. सॅल्यूटची सलू झाली, पण कॅप्टनला सगळे कॅप्टनच म्हणतात. मुलांना गाडीचे भाग आणि मुलींना परेडवरचे शब्द, असं का, मी विचारलं. मामा टायर तपासत होते. "पोराला कुठला बी पार्ट चालतोय, शिष्टर," ते म्हणाले, "पोरीला बघून द्यावं लागतंय." आणि पुढच्या टायरकडे गेले.

आमच्या तरुण डॉक्टरांनी त्यांना एकदा बोलावून घेतलं. गाडी सरकारी आहे, तुमचं काम गाडी चालवायचं आहे, उद्या कुणी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल, असं समजावलं. मामांनी सावधान उभं राहून सगळं ऐकलं आणि तसं लेखी द्या म्हणाले. डॉक्टरांनी पेन उघडलं, जरा वेळ विचार केला, पेन बंद केलं आणि चहा मागवला.

गाडीतली सगळीच बाळं जगली असं नाही. एक साताऱ्याच्या वेशीपर्यंत आलं आणि गेलं. मी ते कापडात घेऊन बसले होते, आई ग्लानीत होती. मामांनी गाडी दवाखान्याच्या दारात लावली, मागचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते वाकले आणि त्या बाळाच्या कानाशी काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

त्यांच्या या नादाचं मूळ मला कळलं ते एका चौथ्या मुलीमुळे.

माणच्या कडेला एक वस्ती होती. पूर्वी मेंढरं घेऊन लांबलांब फिरणारी माणसं. आता थोडी मेंढरं, थोडी शेती. तिथल्या एका सुनेला तीन मुली होत्या आणि ती पुन्हा अडली होती. नवरा मेंढरांबरोबर बाहेर, घरी सासू. भर दुपारी आम्ही तिला घेऊन साताऱ्याला निघालो, सासू बरोबर. औंध मागे पडल्यावर बाळ झालं. मुलगी. चांगली रडली. मी तिला पुसून गुंडाळलं आणि आईकडे वळले, तर रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळत राहिले.

सासूने बाळाचं कापड उचलून पाहिलं आणि खाली टाकलं. मग म्हणाली, मोकळी झाली न्हवं, आता सातारा कशाला, वळवा गाडी. रक्त जातंय, वळवली तर ही घरी पोचणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती त्या बाळाकडे न बघता म्हणाली, "नकुसा म्हणा हिला. न्हाईतर ही रांग थांबायची न्हाई."

आमच्या भागात हे नवीन नव्हतं. मुली पुरे झाल्या, आता मुलगा हवा, म्हणून शेवटच्या मुलीचं नाव नकुसा, नकोशी असं ठेवायचं. मध्यंतरी अशा मुलींची नावं बदलून देण्याचं काम जिल्ह्यात झालं होतं, तरी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ते गेलं नव्हतं. माझे हात अडकलेले होते.

मधली काच उघडी होती. मामांनी ऐकलं असणार, कारण गाडी एकदम जोरात निघाली. पुढचा खड्डा आला तेव्हा त्यांनी मला 'धरा' म्हटलं नाही. इतक्या वर्षांत ते एकदाच झालं.

साताऱ्यात सुनेला लगेच आत घेतलं. रक्त चढवायला लागलं. धोका टळला असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी हातपाय धुऊन बाहेर आले. आवारात लिंबाखाली कट्ट्यावर सासू बसली होती, तिच्यापुढे चहाचा कागदी कप. बाळ मामांच्या मांडीवर होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले, पण त्यांचं बोलणं चालू होतं आणि ते थांबले नाहीत.

मामा सांगत होते की त्यांच्या बहिणीचं नाव नकुसा आहे.

"मग?" सासूने विचारलं. "पुढं काय झालं?"

"पुढं मी झालो."

म्हातारीचा चेहरा उजळला. "बगा की. लागू पडलं न्हवं."

लागू पडलं, मामा म्हणाले. मग त्यांनी तिला सांगितलं, फार आवाज न चढवता, रस्ता सांगावा तसं. ते नवसाचे झाले म्हणून त्यांना देवाचं मोठं नाव मिळालं. दूध त्यांना आणि ताक बहिणीला. ते शाळेत गेले, ती मेंढरांमागे गेली. मेंढरांचा वाडा हलला की ते बापाच्या खांद्यावर असत आणि ती मागून चालत असे, डोक्यावर बोजा घेऊन. ती त्यांच्याहून थोडीच मोठी. "आणि तिला जेवायला हाक मारली तरी तेच," ते म्हणाले. "पाणी आणायला मारली तरी तेच. दर टायमाला तिला सांगायचं, तू नको हुतीस. कशापायी? तर मी पायजे हुतो म्हणून. मावशी, आवं माजं नाव कुणी घेतलं की मला तेच ऐकू येतंय, ती नको हुती."

म्हातारी चहाच्या कपाकडे बघत राहिली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. ती दमली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, मग काय ठिवायचं म्हणता?

"वेलकम."

"ते लग्नाच्या मांडवावर लिवलेलं असतंय ते?"

"व्हय, तेच."

"म्हंजी काय?"

"या म्हंजी," मामा म्हणाले. "या, बसा."

म्हातारीने पहिल्यांदाच बाळाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "आलीच हाय की आता," ती म्हणाली, आणि हात पुढे करून तिने बाळ आपल्याकडे घेतलं.

चौथ्या मुलीचं बारसं कोण करतं, असा निरोप वस्तीवरून आला. तरी मामा गेले. मलाही घेऊन गेले, आणि आटपाडीकडून एसटीने आलेल्या त्यांच्या बहिणीलाही. त्यांना ते अक्का म्हणत. अक्का सडपातळ, कमी बोलणाऱ्या, चालताना भावाच्या एक पाऊल मागे राहणाऱ्या. पाळणा नव्हता, तर अक्कांनी लुगड्याची झोळी बांधली. घुगऱ्या मामांनी आणल्या होत्या. त्या दिवशी मामा स्वतः बाळाच्या कानाला लागले नाहीत. ते बाहेर पुरुषांच्यात बसले आणि अक्कांना आत पाठवलं. अक्कांना तो शब्द नीट येईना. 'येलकम,' त्या म्हणाल्या. बायकांनी हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि अक्काही हसल्या. त्या सुनेने पुढे ऑपरेशन करून घेतलं. वेलकम आता शाळेत जाते. नातीचं नाव कुणी विचारलं की म्हातारी नावाबरोबर अर्थही सांगते.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली सांगलीला झाली आणि मामा निवृत्त झाले. आता केंद्रावर नवीन गाडी आहे आणि पाळीपाळीने येणारे ड्रायव्हर आहेत. ती मुलं चांगली आहेत, पण नावं ठेवत नाहीत. मामांचा सणासुदीला फोन येई. बहुतेक वेळा कोण कितवीत गेलं ते सांगायला.

मागच्या हिवाळ्यात ते आमच्या दवाखान्यात अक्कांना घेऊन आले. मोतीबिंदू होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण मामांचं तिथे एक वेगळंच सुरू झालं. वॉर्डच्या दारातून आयाबाई पेशंटचं नाव घेऊन नातेवाइकाला बोलावते. औषध आणायला, सही करायला, जेवण द्यायला. ती ओरडायची, "नकुसा, नकुसाचं कोण आहे?" आणि मामा बाकावर बसून राहायचे. ऐकूच आलं नाही असं. मग मला जावं लागे. आयाबाईला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं.

संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कार्डावरचं नाव तेवढं बदलता येईल का, असं विचारलं. नवीन नाव त्यांनी कधीपासून काढून ठेवलं होतं. 'फर्स्ट'. कारण ती आधी आली होती. मी म्हटलं, मामा, नाव अक्कांचं आहे, आधी त्यांना तर विचारा. ते विचारायला धजत नव्हते. फौजेत राहिलेला माणूस, पण कॉटपाशी जाऊन नुसता उभा राहिला. शेवटी मीच अक्कांना सांगितलं की मामा तुम्हाला नवीन नाव देतायत.

अक्कांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी अर्थ विचारला. मामांनी पयली असा सांगितला.

"पयली तर मी हायच," अक्का म्हणाल्या. मग कॉटच्या कडेवर हात फिरवत राहिल्या. "ऱ्हाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "ह्या नावानं माज्या सासूनं मला जीव लावला. मालक गेलं तवा ह्याच नावानं हाक मारून गेलं. आई-बाचं त्यात आता काय ऱ्हायलं न्हाई. ते कवाच माजं झालं. तूच एकटा धरून बसलायस."

मामांनी अक्कांच्या अंगावरची चादर सरळ केली, ती सरळच होती, आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी घरी निघाले तेव्हाही ते तिथेच होते. जेवलात का म्हटलं तर मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

सकाळी पट्टी काढायची होती. माझी ड्युटी समोरच्या वॉर्डात होती. दारात गर्दी जमलेली, कुणाचं मूल रडतंय, कुणी औषधाची पिशवी शोधतंय. आयाबाई बाहेर आली आणि नेहमीसारखी ओरडली, "नकुसाचं कोण आहे?" मी सवयीने हातातलं काम ठेवलं आणि निघाले.

मामा बाकावरून उठले होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली. "हाय," ते म्हणाले. आयाबाईला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुढे झाले आणि पुन्हा मोठ्याने म्हणाले, "मी हाय. नकुसाचा भाऊ."

आयाबाईने थेंबांची बाटली त्यांच्या हातात दिली. कुठल्या डोळ्यात घालायचे ते त्यांनी नीट विचारून घेतलं, आणि बहिणीला आणायला आत गेले.